निळ्यावर निळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तरी तेवढं सोडून बाकीचं बोलतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. आणि तरी बघा — एवढं लिहिलं आणि उठून दाराला कडी आहे ना ते पाहून आलो. घरात माझ्याशिवाय कुणी नाही. कोण येणार आहे? पण पाहून आलो.

मागच्या दिवाळीच्या आधी बायकोने घराच्या दाराला रंग दिला. निळा. चांगला दिसत होता, शेजारीपाजारी म्हणाले. मी दोन दिवस त्या दारातून मान खाली घालून आत-बाहेर केलं आणि तिसऱ्या दिवशी सरळ तपकिरी रंगाचा डबा आणून स्वतः दार रंगवलं. बायको म्हणाली, डोकं फिरलंय काय? मी म्हणालो, निळ्यावर धूळ दिसते. ती हसली. तिला वाटतं मी चिकित्सक स्वभावाचा आहे, टापटिपीचा आहे. कसली टापटीप!

मुळात मी भित्रा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ते सबब म्हणून वापरायची सोय राहणार नाही. आमच्या विट्याकडच्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यासाठी परमुलखात जातात. मीही गेलो होतो, चुलत्याच्या दुकानात. ॲसिडचा धूर सोसला नाही म्हणून परत आलो असं गावात सांगितलं. धूर सोसत होता. दुसऱ्याचं सोनं हातात धरायची भीती सोसत नव्हती. हरवलं तर? कमी भरलं तर? चुलता नुसता माझ्याकडे बघायचा आणि मी पुन्हा वजन करायला घ्यायचो. पळून आलो, आणि गावात येऊन कामाला कुठे लागलो? तर बाजाराच्या वसुलीला.

आमचा आठवडी बाजार मोठा आहे. भाजी, भांडी, कपडा एका बाजूला आणि ओढ्याच्या अंगाला शेळ्यामेंढ्यांचा बाजार. आटपाडीपासून, पार जतकडूनही माणसं येतात. बाजारातली फी गोळा करायचं काम ग्रामपंचायत दर वर्षी लिलावाने देते. जो जास्त बोली लावेल तो ठेकेदार. तेव्हा ठेका अण्णांकडे होता. अण्णा म्हणजे भरदार माणूस, पांढरे कपडे, आवाज असा की फाटकावर बोलले की ओढ्यापलीकडे ऐकू जावा. मी अण्णांचा माणूस. मेंढरबाजाराच्या फाटकावर उभं राहायचं, आत येणाऱ्या प्रत्येक नगाची फी घ्यायची आणि रंग लावायचा.

रंगाचं सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. पावतीपुस्तक होतं, पण मेंढरबाजारात कागद टिकत नाही. शेणात पडतो, घामाने भिजतो, आणि शेळीच्या तोंडाशी आला तर शेळी खाते — खरंच खाते, मी पाहिलंय. म्हणून अण्णांनी पद्धत पाडली होती : फी दिली की जनावराच्या मागच्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या बाजूला, रंगाचा एक ठिपका. काठीला चिंधी गुंडाळायची, डब्यात बुडवायची, टेकवायची. बाहेर पडायच्या फाटकावर दुसरा गडी ठिपका बघून जनावर सोडायचा. रंग दर बाजाराला वेगळा. तांबडा, हिरवा, निळा, कधी नुसती काव, तांबडी माती. कुठला, ते मी ठरवायचं आणि सकाळी फाटकावर डबा उघडेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. नाहीतर लोक घरूनच ठिपका लावून आणतील आणि फी बुडवतील. बाजाराचं एवढंच एक गुपित, आणि ते माझ्यासारख्या माणसाच्या स्वाधीन.

ते मी फोडलं. कसं फोडलं? काही मोठं कटकारस्थान नव्हतं. बापू नावाचे एक दलाल होते. दोन पिकअप गाड्या, बकऱ्यांचा मोठा धंदा, बोलायला गोड. एका बाजाराच्या आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सहज विचारलं, "काय पाव्हणं, उद्या कंचा रंग?" एवढा मोठा माणूस माझ्याशी बोलतोय याचंच मला अप्रूप. तोऱ्यात सांगून टाकलं, हिरवा. दुसऱ्या दिवशी त्यांची एक गाडी रिकामी होताना मी पाहिली. सगळ्या शेळ्यांच्या पुठ्ठ्यावर हिरवा ठिपका, अगदी माझ्यासारखा. बापूंनी लांबूनच हात केला, हसत.

तेव्हाच अण्णांकडे जायला हवं होतं. गेलो का? नाही. पुढच्या आठवड्यात बापूंचा फोन आला. मी आढेवेढे घेतले, तर तेवढ्याच गोड आवाजात म्हणाले, "न्हाई सांगितलंस तर ऱ्हायलं. मागल्या टायमाला कुणी सांगितलं ते मी अण्णांस्नी सांगतो, मग तूच बघ." मी बघितलं नाही. मी रंग सांगितला. मग दर आठवड्याला सांगत राहिलो. रविवारी त्यांच्याकडून मटणाची काळी पिशवी यायची. बायकोने विचारलं तर म्हणायचो, ओळखीत मिळतं. म्हणजे नुसत्या भीतीनेच केलं असंही नाही. पिशवी मी एकदाही परत पाठवली नाही.

पण हेही ते नव्हे. इथपर्यंतचं मी कदाचित कधीतरी, दोन घोट पोटात गेल्यावर, कुणापाशी बोललोही असतो. अण्णांसारख्या माणसाची फी बुडली तर कोण रडणार आहे? जे सांगायचंय ते पुढे आहे आणि मी अजून त्याच्या भोवती घिरट्या घालतोय. सरळच सांगतो — एका सरळ माणसाला भर बाजारात चोर ठरवलं गेलं. ते थांबवायला माझा एक शब्द पुरेसा होता. आता लिहून टाकलंय, आता मागे फिरता येणार नाही.

त्या माणसाचं नाव धुळा. वयाने माझ्या वडिलांएवढा, म्हणून मी तात्या म्हणायचो. माणदेशाच्या बाजूचा धनगर, पावसाळा संपला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा, उन्हाळा सरता सरता परत. जायच्या आधी थोडी कोकरं विकायला आमच्या बाजारात आणायचा. वाटेत एकाची मेंढरं दुसऱ्याच्या खांडात मिसळू नयेत म्हणून हे लोक आपापल्या रंगाची खूण करतात. धुळातात्याची खूण निळी. खांद्यावर बोटभर रुंद पट्टा. त्याच्या वडिलांचीही तीच होती. इस्लामपुरापर्यंतच्या वाटेवर कुणीही निळा पट्टा बघून सांगायचं, ही धुळाची.

त्या आठवड्यात बापूंनी फोनवर मला विचारलं नाही, हुकूमच केला. "उद्या निळा ठेव. माझ्याकडं निळ्याचा डबा हाय." मी बरं म्हणालो. माझ्या डोक्यात धुळातात्या आलाच नाही. यायला हवा होता.

सकाळी फाटकावर ही गर्दी. धुळातात्या आला तो कोकरांचा घोळका घेऊन, पुढे त्याचा मेंढा. तो विकायचा नव्हता. कोकरं बुजतात, गर्दीत शिरत नाहीत, म्हणून हा पुढे चालायचा आणि ती त्याच्या मागून यायची. गळ्यात घंटा. तात्याने कनवटीचे पैसे काढले आणि मेंढ्यासकट सगळ्यांची फी माझ्या हातात दिली. मी काठी डब्यात बुडवली, बघतो तर सगळ्यांच्या अंगावर आधीच निळं. मागे रांग ओरडत होती. मी म्हणालो, "निळ्यावर निळा कशाला लावू तात्या? आधीच रंगल्यात की."

तो हलला नाही. म्हणाला, "तसं नगं मालक. आमचा त्यो आमचा, तुमचा त्यो तुमचा. लावा." आणि एक कोकरू वळवून त्याचा पुठ्ठा माझ्यापुढे धरलाही. मी हसलो. "जावा वो आत. मी हाय न्हवं हितं."

मी हाय न्हवं हितं. हे शब्द माझ्या कानात बसलेत. भांडं घासताना, गाडीला किक मारताना, कधीही ऐकू येतात.

दुपारी अण्णा आले. पैशाचा डबा उघडला आणि त्यांचा चेहरा बदलला. बाजार तर माणसाला पाय ठेवायला जागा नाही इतका भरलेला, आणि डबा अर्धासुद्धा नाही. त्यांनी मला काही विचारलं नाही. नुसते जनावरांतून चालायला लागले, वाकून वाकून पुठ्ठे बघत. मी मागे. बापूंच्या शेळ्यांपाशी आले — ठिपके जागच्या जागी, नीटस. पुढे गेले. मी श्वास सोडला. पुढे धुळातात्या बसला होता, कोकरांना पाला दाखवत. पुठ्ठे कोरे, आणि खांद्यावर निळं.

"घरनं रंग लावून आणतोस व्हय रं?" अण्णा गरजले. बापाच्या वयाच्या माणसाला. माणसं जमायला लागली. तात्या उठून उभा राहिला, त्याला आधी कळेचना. मग म्हणाला, "आवं, ह्यो आमचा हाय, वडलांपास्नंचा. पैसं दिल्यात मी. ह्यास्नी इचारा की." आणि त्याने माझ्याकडे हात केला. त्या हातात, त्या चेहऱ्यात कसलीच काळजी नव्हती. मी होतो ना तिथे.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पलीकडे पिकअपला टेकून बापू उभे होते, दातात काडी घालून. तेही बघत होते. हो म्हणालो, तर अण्णा विचारणार, मग ठिपका का लावला नाहीस? याने पैसे दिलेत, तर मग कमी कुणाचे आले? मग एकेक जनावर, एकेक माणूस, आणि शेवटी बापू, आणि बापूंच्या तोंडून मी. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. भित्र्या माणसाचं डोकं अशा वेळी किती भराभर चालतं! तात्याचा विचार त्यात कुठे होता? शोधतोय. सापडत नाही.

नाही म्हणालो का मी? तेवढीही छाती नव्हती. मी म्हणालो, "माझ्या काय ध्यानात येत न्हाई, अण्णा."

तात्या माझ्याकडे बघतच राहिला. रागाने नव्हे. माणूस आपलंच घर चुकून भलत्या दारात आला की बघतो ना, तसा.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. अण्णांनी दंड सांगितला आणि दंड मिळेपर्यंत मेंढा बाजारातल्या आपल्या वसुलीच्या खोलीसमोरच्या खांबाला बांधायला लावला. मेंढा नाही म्हटल्यावर कोकरं सैरभैर, तात्या एकटा त्यांना आवरतोय, आणि लोक म्हणतायत, म्हाताऱ्याने चांगला डाव टाकला होता. कनवटीला उरलं होतं त्यात दंड भागत नव्हता. कोकरं विकल्याशिवाय पैसे येणार नव्हते, आणि चोराची कोकरं घ्यायला कुणी पुढे येईना. कोण आलं? बापू आले. "जाऊ दे, म्हातारा माणूस हाय," म्हणत सगळी कोकरं पडत्या भावात गाडीत चढवली. लोकांना बापूंचं कौतुक वाटलं. मी तिथेच उभा होतो.

दंड भरला, मेंढा सोडायची वेळ आली, तेव्हा अण्णांना आणखी एक सुचलं. म्हणाले, तो निळा काढ त्याच्या अंगावरचा, पुन्हा फसवायला नको. आणि कातर माझ्या हातात दिली.

लोकर कातरायचं काम मी कधी केलं नव्हतं. मेंढा हिसके देत होता. तेव्हा धुळातात्या पुढे आला, मेंढ्याची मान काखेत घेतली, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, आणि जनावर गप्प झालं. मी कातरायला लागलो. एक टोक चामडीत गेलं, रक्त आलं. मी थांबलो. वाटलं आता हा मला हाणणार, आणि खरं सांगू, हाणलं असतं तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "सावकाश, मालक. भिऊ नगा, मी धरलाय."

मी कातरलं. त्याच्या बापाची खूण शेणात पडली. तो मेंढा घेऊन फाटकातून गेला, बाहेरच्या गड्याने त्याला मुद्दाम थांबवून पुठ्ठा बघितला आणि चार माणसं हसली. संध्याकाळी बापूंकडून पिशवी आली, रविवार नसताना. बायकोने रस्सा केला. मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

त्यानंतर भीती सुरू झाली ती वेगळीच. आधी अण्णांची होती, बापूंची होती, ती तर राहिलीच. पण आता कुठेही फेटा आणि खांद्यावर घोंगडं दिसलं की मी गल्ली बदलायचो. त्याची भावकी येईल, काठ्या घेऊन येतील, तो फौजदाराकडे जाईल, बाजारात उभा राहून माझं नाव घेईल. कुणीच आलं नाही. मी मात्र दर बाजाराला जीव मुठीत धरून फाटकावर उभा. निळा डबा ओढ्यात फेकून दिला. बापूंना सांगितलं, निळा मिळत नाही. बाकीचे रंग सांगत राहिलो. होय, त्यानंतरही सांगत राहिलो, ठेका दुसऱ्याकडे जाईपर्यंत.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरल्यावर तो आला. लांबून घंटेवरून ओळखलं. पळावंसं वाटलं, पण फाटक सोडून कुठे जाणार? जवळ आला तेव्हा पाहिलं, मेंढ्याच्या खांद्यावर निळं नव्हतं. मानेवर काळपट तांबडं काहीतरी लावलेलं, ओबडधोबड, अजून सवय नसलेल्या हाताने. माझी नजर तिथे गेलेली त्याने पाहिली. म्हणाला, "निळा सोडला आमी. उगं तुमास्नी घोटाळा नगं." मग पुढे म्हणाला की खालच्या मुलखात दोन मेंढरं दुसऱ्या खांडात गेली ती आलीच नाहीत, नवी खूण अजून कुणाच्या ओळखीची नाही. तक्रार म्हणून नाही, पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलला.

मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. मला वाटलं, आता. आता आलं. तो म्हणाला, "त्या टायमाचं मनात धरू नगा. शंभर मानसं येत्यात, कुनाकुनाचं ध्यानात ऱ्हानार? मी घरीबी सांगितलं, पोरगं भलं हाय, इसरलं."

मला माफ करायला आला होता. विसरण्याबद्दल.

तिथे, त्या क्षणी, आजूबाजूला कुणी नव्हतं. अण्णा नव्हते, बापू नव्हते. दोघंच होतो. सांगता आलं असतं. मी काय केलं? मान डोलावली. म्हणालो, "व्हय तात्या. इसरायला हुतंय." आणि काठी डब्यात बुडवली.

त्याने एकेक कोकरू वळवून माझ्यापुढे पुठ्ठा धरला. प्रत्येकाला विचारायचा, "लागला न्हवं?" आणि मी म्हणायचो, लागला. शेवटी मेंढा. लागला न्हवं? लागला. तेव्हापासून तो जितक्या वेळा आला तितक्या वेळा असंच. मागे रांग कितीही ओरडू दे, शेवटच्या जनावराला ठिपका लागेपर्यंत तो फाटकातून आत पाऊल टाकत नाही.

आता ठेके बदलले. अण्णा थकले, बापू मोठे झाले, त्यांचे फलक लागतात. माझ्या हातात मशीन आहे, बटण दाबलं की कागद बाहेर येतो. रंगाचे डबे गेले. मला वाटलं होतं, डब्यांबरोबर बाकीचंही जाईल. मागच्या बाजाराला धुळातात्या आला. आता काठीवर भार देऊन चालतो, डोळ्याला कमी दिसतं. मी कागद दिला, त्याने घडी घालून फेट्यात खोवला. आणि तरी सवयीने मेंढा वळवून माझ्यापुढे धरला. नवा मेंढा आहे, त्या जुन्याचा असेल कुणी. विचारलं, "लागला न्हवं?"

रंग नव्हता, काठी नव्हती. मी रिकामा हात त्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि म्हणालो, लागला. तो समाधानाने आत गेला.

तो पुन्हा येईल. येऊ नये असं मला वाटतं, आणि आला नाही तर काय झालं असेल याचीही भीती वाटते. घरी गेल्यावर अजूनही तो सांगत असेल, फाटकावरचं पोरगं भलं आहे, एकदा विसरलं होतं बिचारं.

मी विसरलो नव्हतो. त्याने पैसे दिले होते. त्याच्या कनवटीतून निघालेल्या त्या नोटा घामाने ओल्या होत्या, आणि अण्णा मला विचारत होते तेव्हा त्यांचा ओलावा माझ्या बोटांना अजून लागलेला होता.